जिंकलेला संघ किती ठेवायचा आणि किती सोडायचा? ईगल्सचा ऑफसीझन : फ्री एजन्सी, ड्राफ्ट आणि विल्यम्सचे १० कोटी

चेरीहिलकर | १५ मार्च २०२५

९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलला, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्यात, आपल्या फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ असं धुतलं. त्या रात्री त्यांचा क्वार्टरबॅक महोम्सला सहा वेळा पाडलं, त्यातले साडेचार सॅक दोघांचे : जॉश स्वेट अडीच, मिल्टन विल्यम्स दोन. आज फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारात, ते दोघंही आपले राहिलेले नाहीत. विल्यम्स न्यू इंग्लंडला गेला, चार वर्षं, १० कोटी ४० लाख डॉलर. स्वेट ॲरिझोनाला, चार वर्षं, ७ कोटी ६४ लाख. डेरियस स्लेला सोडलं, गार्ड मेकाय बेक्टन चार्जर्सकडे गेला आणि सी. जे. गार्डनर-जॉन्सनला तर आपणच ह्यूस्टनला देऊन टाकलं.

दुसरीकडे सेकॉन बार्कलीला आणखी दोन वर्षांसाठी ४ कोटी १२ लाख आणि झॅक बॉनला तीन वर्षांसाठी ५ कोटी १० लाख दिले. म्हणजे तिजोरी रिकामी नव्हती. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवून केलं आहे.

माझं मत : विल्यम्सला जाऊ दिलं ते बरोबर केलं. तो २०२१ च्या ड्राफ्टमधला (कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) तिसऱ्या फेरीतला, ७३ वा पिक. चार वर्षं स्वस्तात खेळला, शिकला, आणि आता त्याच्या किमतीत आपले तीन-चार खेळाडू बसतात. पण मग यंदाच्या ड्राफ्टमधल्या आपल्या ३२ व्या पिकावर डिफेन्सिव्ह लाइनचाच (समोरच्या क्वार्टरबॅकवर जाणाऱ्या फळीचा) माणूस घ्यायला हवा, त्यात तडजोड नको.

तुमचं काय म्हणणं? विल्यम्सला ठेवायला हवं होतं का? आणि ३२ वर कोण?

अटकमटक | १५ मार्च

मी पहिला! विल्यम्सला ठेवायला हवं होतं. कारण द्यायला रात्री येतो.

एडिसनवाला | १५ मार्च

ज्याच्या घरी लग्न झालं तोच मांडवातली फुलं कमी पडली म्हणून रडतोय. :)

अहो, आम्हा न्यूयॉर्क जायंट्सवाल्यांना विचारा ऑफसीझन कसा जातो ते. २०२४ च्या मार्चमध्ये सेकॉनला आम्ही जाऊ दिलं. आमचे मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते की तो फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं अवघड जाईल. तो फिलाडेल्फियालाच गेला आणि २००५ यार्ड धावला. त्यामुळे 'महाग पडतो, जाऊ दे' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कोणाला सोडतो आहोत आणि तो कोणाच्या लाइनमागे धावणार आहे, दोन्ही पाहावं लागतं. आमच्याकडे तो तीन यार्डांवर आडवा व्हायचा, कारण समोर भिंतच नव्हती.

कोथरूडची_मनवा | १६ मार्च

मुलगा फिलाडेल्फियात शिकायला गेल्यापासून हा खेळ बघायला लागले, अजून शिकतेच आहे. एक प्रश्न : पगाराची मर्यादा सगळ्यांना सारखीच आहे ना? मग ईगल्सकडे हर्ट्स, ए. जे. ब्राऊन, डेव्होंटा स्मिथ, बार्कली, मायलाटा, लेन जॉन्सन हे सगळे एकाच वेळी कसे बसतात? आयपीएलमध्ये १२० कोटींची थैली संपली की संपली. ऋषभ पंतला २७ कोटी मोजले की उरलेल्या ९३ मध्ये बाकीचा संघ. इथे तसं दिसत नाही.

कॅपपंडित | १६ मार्च

मनवाताई, फार नेमका प्रश्न. या धाग्याचं मूळच तिथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२५ साठी प्रत्येक संघाची सॅलरी कॅप २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे. १९९४ मध्ये कॅप सुरू झाली तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख होती. ही कठोर मर्यादा आहे, पण ती हिशेबाची मर्यादा आहे, खर्चाची नव्हे. फरक साइनिंग बोनसमध्ये आहे. समजा एखाद्याला पाच वर्षांच्या करारात ५ कोटी बोनस दिला. पैसे त्याच्या खात्यात आत्ता जातात, पण कॅपवर दरवर्षी १ कोटीच लागतात. जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटता येतात. करार तीनच वर्षांचा असेल तर ईगल्सचा जनरल मॅनेजर रोझमन पुढे दोन नावापुरती वर्षं जोडतो, त्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. खेळाडू त्या वर्षांत खेळणार नसतो, पण बोनसचा वाटा तिथे टाकता येतो. कॅप दरवर्षी वाढते आहे (२०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख होती), म्हणून आजचा एक कोटी तीन वर्षांनी कॅपचा लहान हिस्सा होतो. यासाठी मालकाकडे आज रोख ओतायची तयारी लागते. जेफ्री लुरी ती दाखवतात, सगळे मालक दाखवत नाहीत.

दुसरी बाजू : खेळाडू मध्येच गेला की उरलेला सगळा बोनस एकदम अंगावर येतो. त्याला डेड मनी म्हणतात. २०२१ मध्ये कार्सन वेंट्झला कोल्ट्सकडे पाठवलं तेव्हा ईगल्सच्या कॅपवर ३ कोटी ३८ लाखांचा असा बोजा पडला. त्या वर्षी कोविडमुळे कॅप खाली आली होती, १८ कोटी २५ लाख. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा अशा माणसासाठी, जो दुसऱ्याच शहरात खेळत होता.

आयपीएलशी तुलना करायची तर मोठा फरक हा, की तिथे पुढच्या हंगामाची थैली आज फोडता येत नाही.

कोथरूडची_मनवा | १६ मार्च

आता लख्ख कळलं, मनापासून आभार. म्हणजे रोझमन उधारीवर जगतात?

कॅपपंडित | १६ मार्च

उधारी खरी, पण फेडायची सोयही आधी केलेली असते. ती सोय म्हणजे ड्राफ्ट. २०११ च्या कामगार करारापासून नव्या खेळाडूंचे पगार पिकच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेले असतात. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला, पुढच्याच वर्षी पहिला पिक कॅम न्यूटनला चार वर्षांचा २ कोटी २० लाखांचा. तेव्हापासून चांगला निघालेला रुकी हा लीगमधला सगळ्यात मोलाचा ऐवज झाला. यंदाचा पहिल्या फेरीतला शेवटचा पिक चार वर्षांत मिळून दीड कोटीच्या आसपास घेईल. विल्यम्स वर्षाला सरासरी २ कोटी ६० लाख घेणार आहे.

प्राची_डी | १७ मार्च

मी चेरीहिलकरांशी असहमत आहे.

सुपर बोल पुन्हा बघा. बचावाचे प्रशिक्षक विक फँजिओंनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे मागचे जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर पाठवले नाहीत. चार जणांनी महोम्सला गाठलं आणि सात जण मागे थांबले. त्यांची सगळी पद्धत या एका गृहीतकावर उभी आहे, की समोरचे चार जण स्वतःच्या बळावर पोचतील. आणि आपण त्या फळीतले दोघं एका आठवड्यात सोडले. ब्रँडन ग्रॅहमही किती दिवस खेळेल सांगता येत नाही. नोलन स्मिथचा ट्रायसेप त्याच सामन्यात फाटला. राहिले कोण? जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, मोरो ओजोमो, जेलिक्स हंट. कार्टरवर आता दर डावाला दोन-दोन माणसं येतील, कारण शेजारी विल्यम्स नाही.

आणि पैसे नव्हते असं म्हणू नका. बार्कलीच्या करारात अजून दोन वर्षं बाकी होती. २८ वर्षांचा धावपटू, नियमित हंगामात ३४५ वेळा चेंडू घेऊन धावलेला, वर प्लेऑफ. अशा हंगामानंतर त्या जागेवरचे खेळाडू किती झपाट्याने उतरतात, हे या लीगने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मला बार्कली अतिशय आवडतो. रॅम्सविरुद्ध २५५ यार्ड धावला त्या रात्री मी खुर्चीत बसू शकले नाही. पण प्रेम आणि करार वेगळे ठेवावेत. २५ वर्षांचा डिफेन्सिव्ह टॅकल की २८ वर्षांचा रनिंग बॅक, असा प्रश्न असेल तर माझं उत्तर टॅकल.

एडिसनवाला | १७ मार्च

प्राचीताई, तुमचं हेच म्हणणं आमच्या जनरल मॅनेजरांनीही मांडलं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

प्राची_डी | १७ मार्च

एडिसनवाला, तुमच्या जनरल मॅनेजरांनी सेकॉनला सोडून ती रक्कम लाइनवर नीट लावली असती तर तुलना पटली असती. :)

बोस्टन_मिसळ | १८ मार्च

विल्यम्सबद्दल धन्यवाद, पाहुण्याला नीट ठेवू.

गंभीरपणे : पेट्रियट्सनी एवढी रक्कम का मोजली, हे बघा. आम्ही ४-१३ होतो. आमचा क्वार्टरबॅक ड्रेक मे रुकी (नवख्याच्या स्वस्त) करारावर आहे. यंदा लीगमध्ये सगळ्यात जास्त मोकळी कॅप आमच्याकडे होती. असा संघ फ्री एजन्सीत बाजारभावापेक्षा जास्तच देतो, कारण त्याला खेळाडूला 'आमच्याकडे ये' हे पटवायचंही असतं. तुमच्या घरात तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा लाइनमन होता, आमच्याकडे तो पहिला आहे. किंमत त्या जागेची आहे. ईगल्सनी आमच्याशी बोली लावत बसायचं कारणच नव्हतं.

अटकमटक | १८ मार्च

रात्री येतो म्हणालो होतो, आलो. बोस्टनकरांनी माझं कारण पळवलं आणि वर उलटं करून मांडलं.

बाकी रोझमन मंडईत गेला तर भाजीवाला कोथिंबिरीच्या जुडीबरोबर २०२६ चा पाचव्या फेरीतला पिकही त्याच्या पिशवीत घालेल, एवढं नक्की.

जुना_भिडू | १९ मार्च

काल ब्रँडन ग्रॅहमने निवृत्ती जाहीर केली. २०१० चा पहिल्या फेरीतला पिक, पंधरा हंगाम, सगळे एकाच गणवेशात. २०१८ च्या सुपर बोलमध्ये ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवणारा हाच. त्याला आधी नमस्कार.

आता मूळ विषयावर. या शहराने फ्री एजन्सीचा मोह चाखून पाहिलेला आहे. २०११ मध्ये लॉकआउट संपल्यावर ईगल्सनी आठवडाभरात बाजार उचलून आणला. नाम्दी असोमुआला पाच वर्षांचे ६ कोटी. व्हिन्स यंग राखीव क्वार्टरबॅक म्हणून आला आणि त्याने 'ड्रीम टीम' असा शब्द वापरला. हंगाम संपला ८-८. मोठी नावं वेगवेगळ्या पद्धतींतून आलेली, एकमेकांबरोबर खेळायला वेळ नाही, आणि मधल्या लाइनबॅकरच्या जागा रिकाम्याच.

पण त्याच वर्षीचा ड्राफ्ट त्याहून बोलका आहे. पहिल्या फेरीत २३ व्या क्रमांकावर गार्ड डॅनी वॉटकिन्स घेतला, २६ वर्षांचा, कॅनडात आधी अग्निशमन दलात काम केलेला. उत्तम माणूस, पण इथे दोन हंगामांत संपला. आणि सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर, सेंटर घेतला जेसन केल्सी. तेरा हंगाम! एकच ड्राफ्ट, एकच लाइन. म्हणून ३२ वर अमुकच जागेचा माणूस घ्या, असा हट्ट मी धरणार नाही. गरज पाहून घेतलेला वॉटकिन्स मी पाहिला आहे.

रच्याकने, ड्राफ्ट ही कल्पनाच फिलाडेल्फियाची. ईगल्सचे तेव्हाचे मालक बर्ट बेल यांचा संघ तळाला, चांगली पोरं श्रीमंत संघांकडे जायची. १९३५ मध्ये त्यांनी सुचवलं की सगळ्यात कमजोर संघाने पहिली निवड करावी. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. पहिला पिक अर्थात ईगल्सचा : जे बर्वांगर, पहिला हाइझमन विजेता. तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही! इतिहासातला पहिलाच पिक फुकट गेला.

कोथरूडची_मनवा | १९ मार्च

वा! शेवटचा परिच्छेद मुलाला पाठवला, त्याच्या खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं.

चेरीहिलकर | २० मार्च

जुना_भिडू, ग्रॅहमच्या आठवणीसाठी आभार. गरजेच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबतो. गरजेपोटी घेतलेल्या चुकीच्या माणसाचं उदाहरण देता येतं, तसं जागा मोलाची म्हणून घेतलेल्या चुकीच्या माणसाचंही देता येतं. २०२० ला २१ व्या क्रमांकावर जेलन रेगर घेतला, पुढच्याच पिकला मिनेसोटाने जस्टिन जेफरसन उचलला. गरज तीच, जागा तीच, पण माणूस ओळखता आला नाही.

त्याच ड्राफ्टमध्ये ५३ व्या क्रमांकावर जेलन हर्ट्स घेतला. तेव्हा वेंट्झला नुकताच १२ कोटी ८० लाखांचा करार दिला होता. अख्खं शहर विचारत होतं की क्वार्टरबॅक असताना दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक कशाला! आज तोच सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू.

प्राची_डी | २१ मार्च

हर्ट्सचं उदाहरण माझ्या बाजूने जातं हो. महत्त्वाच्या जागी दोन माणसं हवीत, हेच मी म्हणते आहे. पुरेसे आहेत असं वाटतं तेव्हाच आणखी एक घ्यावा. मग डिफेन्सिव्ह लाइनवर तो नियम का सोडला?

कॅपपंडित | २१ मार्च

प्राची, तुमचा ब्लिट्झचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. बार्कलीच्या मुद्द्याशी मात्र नाही जमणार. जर्गन्स, डेव्हिस हे २०२२ चे पोरगे यंदाच वाढीव करारासाठी पात्र आहेत. पुढच्या वर्षी कार्टर आणि नोलन स्मिथ. त्यानंतरच्या वर्षी क्विन्यन मिचेल आणि कूपर डिजीन. कार्टरचा करार विल्यम्सच्या करारापेक्षा खूप मोठा असणार. एकाच फळीत दोन टॅकलना असे पैसे दिले तर मिचेल-डिजीनच्या वेळी हात बांधले जातील. विल्यम्सचा करार २०२८ पर्यंत चालला असता. बार्कलीचाही तेव्हापर्यंतच आहे, पण त्याची वाढीव रक्कम विल्यम्सच्या रकमेच्या निम्म्याहून कमी आहे. रक्कम तर पाहाच, पण ती कोणत्या वर्षांत पडते तेही पाहा.

आणखी एक, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. विल्यम्स आणि स्वेट करार संपून गेले, त्यामुळे भरपाईच्या सूत्रात धरले जातात. बाहेरून तितक्याच मोलाचे फ्री एजंट आणले नाहीत तर २०२६ च्या ड्राफ्टमध्ये जादा पिक मिळतात. एका संघाला जास्तीत जास्त चार. स्लेला आपणच मोकळं केलं, म्हणून तो धरला जात नाही. आता पाहा रोझमननी कोण आणले : अझीझ ओजुलारी, जॉश उचे, अडोरी जॅक्सन, ए. जे. डिलन. सगळे थोड्या पैशांत, एका वर्षापुरते. असे छोटे करार त्या सूत्रात अडचण करत नाहीत.

नव्याने_आलेला | २१ मार्च

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कॅन्सस_सुमेध | २३ मार्च

चीफ्सकडून सलाम. जखमा अजून ताज्या आहेत.

आमच्याकडचा धडा सांगतो. २०२२ च्या मार्चमध्ये आम्ही टायरीक हिलला मायामीला दिलं आणि पाच पिक घेतले. मीही त्या दिवशी चिडलो होतो. त्या ड्राफ्टमध्ये ट्रेंट मॅकडफी, जॉर्ज कार्लाफ्टिस, लिओ शेनाल, ब्रायन कुक आले, आणि सातव्या फेरीत जेलन वॉटसन आणि आयझाया पचेको. त्याच हंगामात सुपर बोल, पुढच्या वर्षी पुन्हा. हिलचं मोल कमी नव्हतं, पण त्या एका जागेऐवजी अर्धा बचाव उभा राहिला.

हेच सूत्र लाइनवर चालवताना मात्र आम्ही आपटलो. डावा टॅकल जागेवर बसेना, म्हणून सुपर बोलमध्ये गार्ड जो थुनी तिथे उभा होता आणि तुमच्या पोरांनी जे केलं ते केलं. आता थुनीही शिकागोला गेला. तेव्हा पिक मिळाले म्हणून जागा भरली असं होत नाही, हे प्राचीताईंचं खरं आहे. पण हिलच्या वेळी आम्हीही हेच म्हणालो होतो आणि ते चुकीचं ठरलं, हेही खरं.

प्राची_डी | २३ मार्च

सुमेध, हा या धाग्यातला सर्वात प्रामाणिक प्रतिसाद. दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं दिलंत. :)

जुना_भिडू | २४ मार्च

घडवणाऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. झॅक बॉन सेंट्समध्ये स्पेशल टीम्सवर असायचा. २०२४ मध्ये एका वर्षाच्या ३५ लाखांवर आला, फँजिओंनी त्याला कडेवरून आत, लाइनबॅकरच्या जागी आणलं आणि तो ऑल-प्रो झाला. बेक्टन जेट्सचा २०२० चा ११ वा पिक, टॅकल म्हणून बाद ठरवलेला. आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंडनी त्याला गार्ड केलं. आणि जॉर्डन मायलाटा! सिडनीचा रग्बी लीग खेळाडू, २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतला तोवर आयुष्यात एकही फुटबॉल सामना खेळला नव्हता. आज लीगमधल्या पहिल्या काही डाव्या टॅकलमध्ये.

त्याच २०२४ च्या फ्री एजन्सीत सगळ्यात मोठं पाकीट कोणाला? ब्राइस हफ, तीन वर्षांचे ५ कोटी ११ लाख. तो सुपर बोलच्या दिवशी अंगात गणवेशसुद्धा न घालता बसला होता. ३५ लाखांचा बॉन त्या सामन्यात इंटरसेप्शन घेऊन गेला. म्हणून मी नावांपेक्षा प्रशिक्षकांकडे बघतो. ओजुलारी आणि उचेचं फँजिओ काय करतील, यावर हा ऑफसीझन ठरेल.

एडिसनवाला | २४ मार्च

ओजुलारी आमच्याकडचा! हा तरी आमच्याकडे राहू द्यायचा.

अटकमटक | २४ मार्च

जायंट्स म्हणजे आमची शेजारची सोसायटी, आम्ही फक्त फर्निचर हलवतो.

चेरीहिलकर | २५ एप्रिल

धागा वर काढतो. काल रात्री ग्रीन बेमध्ये ड्राफ्टची पहिली फेरी झाली. रोझमन एका जागेने वर सरकले, ३२ वरून ३१ वर, आणि घेतला अलाबामाचा लाइनबॅकर जिहाद कॅम्पबेल. डिफेन्सिव्ह लाइन नाही!

पण पोरगा न्यू जर्सीतल्या एरियलचा आहे, माझ्या घरापासून गाडीने अगदी जवळ. काल आमच्या सगळ्या वस्तीत ओरडा झाला.

कोथरूडची_मनवा | २५ एप्रिल

इथे पहाटे साडेपाचला सुरू झालं. ३१ वा पिक येईपर्यंत डबे भरून झाले, नवरा ऑफिसला निघाला, आणि मी टीव्हीसमोर. लाइनबॅकर म्हटल्यावर मुलाचा फोनच आला, 'आई, १९७९ नंतर पहिल्यांदा!' काय ते समजावून सांगा.

जुना_भिडू | २५ एप्रिल

बरोबर आहे त्याचं. आत खेळणारा लाइनबॅकर ईगल्सनी पहिल्या फेरीत शेवटचा घेतला तो १९७९ मध्ये, जेरी रॉबिन्सन. त्यानंतर थेट काल. ही जागा रोझमन कायम स्वस्तात भरत आले. नकोबी डीन तिसऱ्या फेरीचा, बॉन ३५ लाखांचा. पण डीनचा गुडघा जानेवारीत प्लेऑफमध्ये गेला, तो केव्हा परतेल याचा भरवसा नाही. आणि कॅम्पबेल कडेवरूनही क्वार्टरबॅकवर जाऊ शकतो.

कॅन्सस_सुमेध | २५ एप्रिल

एक जागा खाली सरकून आम्हाला १६४ वा पिक मिळाला आणि ३२ वर जॉश सिमन्स, डावा टॅकल. आम्ही खूश. गंमत म्हणजे तो १६४ वा पिक ईगल्सना केनी पिकेटच्या बदल्यात ब्राउन्सकडून आला होता.

प्राची_डी | २६ एप्रिल

कॅम्पबेलच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणूनच तो ३१ पर्यंत घसरला. आरोग्याचा धोका पत्करून वरच्या दर्जाचा खेळाडू खालच्या किमतीत घेणं हे रोझमनांचं जुनं काम. २०२१ ला लँडन डिकरसन गुडघा फाटलेला असताना ३७ व्या क्रमांकावर घेतला, तो आज प्रो बोलचा गार्ड. २०१८ ला स्वेटही गुडघ्यामुळेच चौथ्या फेरीत हाती लागला. निवड मला आवडली, हे मोकळेपणाने सांगते.

पण काल दुसऱ्या फेरीत ६४ वर सेफ्टी अँड्र्यू मुकुबा. पुन्हा लाइन नाही. महोम्सला परत चार जणांत कसं गाठायचं, याचं उत्तर दोन दिवसांत मिळालेलं नाही.

कॅपपंडित | २७ एप्रिल

काल १११ वर नेब्रास्काचा डिफेन्सिव्ह टॅकल टाय रॉबिन्सन आला, शेवटी शेवटी २०९ वर व्हर्जिनिया टेकचा एज रशर (कडेवरून क्वार्टरबॅकवर जाणारा) पॉवेल-रायलंड. एकूण दहा पिक. आणि भिडू, १९१ व्या क्रमांकावर यंदाही लाइनमनच घेतला, मिशिगनचा ऑफेन्सिव्ह टॅकल माइल्स हिंटन.

विल्यम्सच्या जागी रॉबिन्सन येईल असं कोणी समजू नये. त्या जागी ओजोमो येणार. २०२३ चा सातव्या फेरीतला, २४९ वा पिक, गेल्या वर्षी रोटेशनमध्ये बरा दिसला. रॉबिन्सन ओजोमोच्या जागी. विल्यम्सही पहिल्या वर्षी असाच कोणाच्या तरी मागे होता.

चेरीहिलकर | २७ एप्रिल

मूळ प्रश्नावर परत येतो. विल्यम्सबद्दल माझं मत कायम आहे, आणि कॅपपंडितांनी वर्षांचा हिशेब मांडल्यावर ते अधिक पक्कं झालं. १० कोटी ४० लाख मी कार्टरसाठी राखून ठेवीन, एका क्षणाचाही विचार न करता.

प्राचीताईंची चिंता मात्र मला एजवर जास्त खरी वाटते, आत कमी. कार्टर, डेव्हिस, ओजोमो, रॉबिन्सन ही फळी चालेल. बाहेर नोलन स्मिथ शस्त्रक्रियेतून येतो आहे, हंटचं दुसरंच वर्ष, ओजुलारी आणि उचे दोघांनाही दुखापतींचा इतिहास किंवा बाकावरचा काळ. ऑक्टोबरपर्यंत कोणी उभं राहिलं नाही तर ट्रेड करावाच लागेल, आणि त्यासाठी २०२६ चे भरपाईचे पिक हाताशी असतील.

प्राची_डी | २७ एप्रिल

ऑक्टोबरमध्ये एज रशर शोधायला निघालं की सगळ्यांना आपली गरज दिसते आणि भाव दुप्पट होतो. हे काम मार्चमध्येच व्हायला हवं होतं. इथे आपलं एकमत होणार नाही, आणि चालेल.

कोथरूडची_मनवा | २८ एप्रिल

आता शिबिरातल्या नव्वद जणांचे संघातले त्रेपन्न कधी होणार? आणि ज्यांना कोणीच निवडलं नाही त्यांना संधी असते का?

जुना_भिडू | २८ एप्रिल

ऑगस्टच्या शेवटी, सराव सामने झाल्यावर. त्यानंतर आणखी सोळा-सतरा जण प्रॅक्टिस स्क्वॉडवर ठेवता येतात. आणि संधी असते तर! रीड ब्लँकनशिपला २०२२ मध्ये बत्तीसही संघांनी सोडलं होतं, सुपर बोलला तो सुरुवातीपासून सेफ्टी होता. शिबिरात उजव्या गार्डकडे लक्ष ठेवा. बेक्टनच्या जागी टायलर स्टीन, ह्यूस्टनहून आलेला केन्यन ग्रीन आणि मॅट प्रायर अशी चुरस आहे. ग्रीन २०२२ चा १५ वा पिक, तिथे जमलं नाही, आता स्टाउटलंडच्या हाताखाली.

अटकमटक | २८ एप्रिल

माझा पैसा स्टीनवर. ग्रीनला स्टाउटलंडनी गार्ड केलं तर मी मंडळाच्या गणपतीला सगळ्यांना मोदक देईन.

एडिसनवाला | २८ एप्रिल

मोदकांसाठी मी ग्रीनच्या बाजूने. पण एक सांगा, तुमच्या टाइट एंडचं (अडवणं आणि झेल घेणं दोन्ही करणाऱ्याचं), डॅलस गोडर्टचं काय? करार शेवटच्या वर्षात, दहा पिकमध्ये एकही टाइट एंड घेतला नाही, आणि त्याला ट्रेड करणार अशी कुजबुज दोन महिने चालू आहे.

कॅपपंडित | २८ एप्रिल

टाइट एंड घेतला नाही, यावरून मला तरी तो राहील असं दिसतंय, फक्त आकडा खाली आणून. ग्रॅन्सन आणि ब्रायंट हे टाइट एंड आणलेत ते जोडीला, जागा घ्यायला नव्हे. गोडर्टसाठी नवा धागा काढा, तिथे आकडे मांडतो.